आधी बारा महिन्यांची बिलं आणा

इंदूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. राजेंद्र नगरच्या पलीकडे 140 घरांची कॉलनी, निम्म्याहून जास्त घरं मराठी, आणि पाच जणींचा गट. दोन पावसाळे मिळून दोनशे रोपं लावली, एकदा सायकल रॅली काढली, गणपतीत तापलेल्या पृथ्वीचा देखावाही केला. टाळ्या पडल्या, फोटो छापून आले आणि कॉलनी होती तिथेच राहिली. आता कार्बन खरंच कमी होईल असं काय करावं, आणि लोक ऐकत नाहीत त्याचं काय?

ताई, मी वीज-ऑडिटवाला माणूस. बावीस वर्षं पीथमपूरच्या कारखान्यांत मीटर वाचले, गेली काही वर्षं कॉलन्यांचे वाचतो. त्यामुळे उत्तरही मीटरवाल्याचंच मिळेल. कॉलनीतला कार्बन सहीने हलतो. कोणाची तरी सही कुठेतरी अडलेली असते: गच्चीच्या ना-हरकतीवर, कमिटीच्या ठरावावर, नळाच्या तक्रारीवर, नवऱ्याच्या चेकवर. ती शोधून मिळवायची, एवढंच हे काम. देखाव्याला माझी हरकत नाही, पण देखाव्याखाली सही कोणी करत नाही.

तर सुरुवात अशी करा. वीस घरांची बारा-बारा महिन्यांची वीजबिलं गोळा करा. अख्ख्या कॉलनीच्या मागे लागू नका, वीस पुरे. आणि रुपये बघू नका, 'खपत' लिहिलेल्या रकान्यातले युनिट वहीत उतरवा. रुपयांत सबसिडी, थकबाकी, फिक्स चार्ज असं सगळं मिसळलेलं असतं, युनिट खोटं बोलत नाही. आपल्या देशातली बहुतेक वीज अजून कोळशावर होते, म्हणून एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरायचा. सरासरी 200 युनिट महिना निघाली तर एका घराचे वर्षाला पावणेदोन टन झाले, 140 घरांचे सव्वादोनशेच्या वर. आता तुमची दोनशे रोपं घ्या. सगळी जगली, मोठी झाली, तरी ढोबळ हिशेबात झाडामागे वर्षाला दहा-वीस किलो. म्हणजे दोन ते चार टन, तेही पंधरा वर्षांनी. इंदूरच्या रेवती रेंजवर 14 जुलै 2024 ला एका दिवसात 11 लाखांहून जास्त रोपं लागली, विक्रम झाला, आपण सगळ्यांनी अभिमानाने फोटो पाठवले. झाडं लावाच. पश्चिमेच्या भिंतीवर सावली पडेल अशी लावा, पाणी कोण घालणार त्याचं नाव आधी ठरवा. फक्त कार्बनच्या हिशेबात त्यांच्या भरवशावर राहू नका.

वहीत आकडे आले की घरांचे दोन गट आपोआप दिसतील, आणि दोघांशी बोलायची भाषा वेगळी.

पहिला गट 140 ते 180 युनिटवाल्यांचा. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजना आहे: महिन्याची खपत 150 युनिटपर्यंत राहिली तर पहिले 100 युनिट 100 रुपयांत. 151वं युनिट पडलं की सवलत गेली आणि बिलात एकदम उडी. उन्हाळ्यात या घरांतल्या बायका मीटरकडे किराणा दुकानदाराच्या तराजूसारखं बघत असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना हवामान बदलाचं व्याख्यान देऊ नका. त्यांना सांगा की छताला लटकलेला जुना पंखा 75 वॉट खातो आणि बीएलडीसी पंखा 30च्या आसपास. बारा तास चालला तर दिवसाला अर्धं युनिट वाचतं, महिन्याला सोळा. दोन पंखे बदलले की 170वालं घर 150च्या आत येतं. पंख्याची किंमत तीन हजारांच्या आसपास असते. पाच जणींनी मिळून चाळीस पंख्यांची एकत्र ऑर्डर दिली तर दुकानदार भावही पाडतो आणि बसवणाराही देतो. एका कॉलनीत हे काम भिशीतून झालं. भिशी ज्या महिन्यात ज्या घरी, त्या महिन्यात त्या घरचे पंखे. ही युक्ती माझी नव्हे, तिथल्या एका आजींची.

यात एक गोम आहे, ती आधीच समजून घ्या. या घरांचं बिल मुळात इतकं कमी असतं की सोलर त्यांना परवडत नाही. त्यांच्या दारात सोलरचं पत्रक घेऊन गेलात की दार बंद. पुढच्या वेळी पंख्यासाठी गेलात तरी उघडणार नाही.

सोलर दुसऱ्या गटासाठी. एसी आहे, गीझर आहे, महिन्याला 300 युनिटच्या पुढे जातात. पीएम सूर्य घर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली. तिच्यात 2 किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे 30,000 आणि 3 किलोवॉट किंवा जास्तला एकूण 78,000 रुपये केंद्राची सबसिडी आहे. आपल्याकडच्या उन्हात 1 किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. म्हणजे 3 किलोवॉटचं एक घर वर्षाला चार हजारांवर युनिट, जवळजवळ तीन टन. तुमची दोनशेच्या दोनशे झाडं मोठी झाल्यावर करतील तेवढं एक गच्ची पहिल्या वर्षी करते. कॉलनीच्या सामायिक कामालाही, म्हणजे बोअरचा पंप, जिन्यातले दिवे, हॉल, निवासी संस्थांना किलोवॉटमागे 18,000 मिळतात. हे बऱ्याच कमिट्यांना माहीतच नसतं.

इथे माझा स्वतःचा फजितीचा किस्सा सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. आमच्या कॉलनीच्या हॉलवर 5 किलोवॉट बसवायचं ठरलं. सर्व्हे झाला मे महिन्यात. भर दुपारी आम्ही चौघे गच्चीवर, ठेकेदाराचा मुलगा टेप लावून मोजतोय, पाण्याची काळी टाकी सिमेंटच्या ओट्यावर, आणि तिची सावली तिच्याच पायाशी. मी म्हटलं, छान, टाकीच्या उत्तरेला सगळी जागा मोकळी आहे, तिथेच लावा. सही माझी. पॅनल बसले, जूनमध्ये पेढे वाटले. नोव्हेंबरात खजिनदार काका ॲप उघडून म्हणाले, "साहेब, हे दुपारी झोपतं की काय?" वर जाऊन बघतो तर टाकीची सावली थेट खालच्या रांगेतल्या दोन पॅनलवर पसरलेली. रांगेतले पॅनल एकमेकांना जोडलेले असतात, एकावर सावली आली की अख्खी रांग लंगडते.

चूक शाळकरी होती. कर्कवृत्त आपल्या थोडं उत्तरेला, उज्जैनजवळून जातं. त्यामुळे मे-जूनमध्ये सूर्य आपल्या डोक्यावर असतो, सावली दिसतच नाही. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून जेमतेम 44 अंश वर येतो. अशा वेळी दोन मीटर उंच वस्तूची सावली उत्तरेला दोन मीटरहून जास्त लांब पडते. ज्या गावाला शतकानुशतकं उज्जैनच्या वेधशाळेचा शेजार, तिथल्या इंजिनिअरने हे विसरावं! टाकी सरकवायला प्लंबर, गवंडी, नवा पाइप असा खर्च आला आणि तो मी दिला. ठेकेदाराने "सर्व्हे साहेबांसमोरच झाला होता" म्हणून हात वर केले. म्हणून तुमच्या गच्चीचा सर्व्हे कोणत्याही महिन्यात होवो, ठेकेदाराकडून 21 डिसेंबरची सावली कागदावर काढून घ्या. काढून देत नसेल तर दुसरा ठेकेदार बघा. नेट मीटर, म्हणजे गच्चीवरून लाइनला दिलेली आणि लाइनवरून घेतलेली वीज मोजणारा मीटर, यायलाही वेळ लागतो. अर्ज केल्याची पावती, तारीख, कोणाशी बोललात हे वहीत ठेवा आणि महिना उलटला की 181 वर सीएम हेल्पलाइनला तक्रार टाका. भांडायला जाऊ नका, तक्रार क्रमांक घेऊन जा.

आता इंदूरच्याच खास गोष्टीकडे येतो. ती कुठल्याही पत्रकात नसते आणि मला सगळ्यात जवळची वाटते. पाणी.

आपण सकाळी म्हणतो, "आज नर्मदा आली का?" ती कुठून आली हे आपण विसरलोय. मंडलेश्वरजवळच्या जलूदला नदीतून उचलून, साधारण 70 किलोमीटर पाइपातून, विंध्याचा घाट चढवून आणलेलं ते पाणी आहे. 1970 मध्ये इंदूरकर, त्यात आपली मराठी माणसं भरपूर, याच पाण्यासाठी रस्त्यावर उतरले होते, म्हणून ते आलं. पण नदी खाली आणि शहर वर, माळव्याच्या पठारावर, चारशे मीटरच्या आसपास उंच. शाळेतलं गणित करा: 1,000 लिटर पाणी 400 मीटर उचलायला 1.1 युनिट लागतं, तेही आदर्श जगात. पंप-मोटरची तूट, पाइपातलं घर्षण धरलं की दीड युनिटाच्या खाली येत नाही. म्हणजे तुमच्या गच्चीवरच्या 1,000 लिटरच्या टाकीत भरलेल्या पाण्यावर एक किलोहून जास्त कार्बन आधीच खर्च झालेला असतो. नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, विजेच्या खर्चात हे पंपिंग फार मोठं आहे. म्हणूनच फेब्रुवारी 2023 मध्ये निगमने 244 कोटींचे ग्रीन बाँड काढले, जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला. चांगलंच केलं. तरी ऊन दिवसाचं, आणि पाइपलाइन काही सूर्य मावळला म्हणून थांबत नाही.

आता तुमच्या कॉलनीत या. नर्मदा एक दिवसाआड, पहाटे. हौद भरतो, मग मोटर लावून वरची टाकी. मोटर चालू करून माणूस चहा ठेवायला जातो, मग पेपर, मग नातवाची शाळेची बस. तोवर टाकीच्या ओव्हरफ्लोमधून धार छतावर, छतावरून पन्हाळीत, पन्हाळीतून गटारात. मिनिटाला दहा लिटर धरा, वीस मिनिटं, घरामागे 200 लिटर. साठ घरांत जरी असं झालं तरी एका पहाटे 12,000 लिटर. महिन्यात पंधरा पहाटा, 1 लाख 80 हजार लिटर. दीडने गुणा: 270 युनिट, घरच्या मोटरची वीज वेगळीच. वर्षाला दोन टनांवर कार्बन गटारात, आणि तोही एकही दिवा न लावता. उन्हाळ्यात याच कॉलनीत मग टँकर येतो, डिझेल जाळत.

हे थांबवायला सरकार नको, सबसिडी नको. हौदाच्या तोंडाला बॉल कॉक, दोन-तीनशे रुपयांचा. वरच्या टाकीला ऑटो स्विच, जो टाकी भरली की मोटर बंद करतो, हजार-दीड हजारात बसवून मिळतो. लोक इथे एक चूक करतात. वरच्या टाकीला बॉल कॉक लावतात आणि मोटर तशीच चालू ठेवतात. पाण्याला वाट नाही, मोटर धडधडते, सांधे निखळतात, मग "बॉल कॉकने मोटर जाळली" अशी ख्याती होते आणि पुढची दहा घरं हात लावत नाहीत. खाली बॉल कॉक, वर ऑटो. हे वाक्य कॉलनीच्या प्लंबरकडून चारदा म्हणवून घ्या. आणि लाइनला थेट टुल्लू (छोटा पंप) लावून पाणी ओढणाऱ्या घरांशी मात्र जरा नाजूकपणे बोला. त्यांना खरोखरच पाणी पुरत नसतं. आधी त्यांच्या लाइनची गळती निगमच्या इंदूर 311 ॲपवर फोटोसकट टाका, ती दुरुस्त होऊ द्या, मग टुल्लूचा विषय काढा.

ओल्या कचऱ्याबद्दल थोडक्यात. तुम्ही कॉलनीत खताचे खड्डे करणार असं लिहिलंय. माझ्या मते जोर तिथे घालवू नका. ओला कचरा ढिगाखाली हवेविना सडला की मिथेन होतो, तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा 28 पट जाच करतो, हे खरं. पण आपल्या शहरात तो सडायला जातच नाही. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी 2022 पासून चालू आहे, दिवसाला 550 टन ओला कचरा घेण्याची आणि 17,000 किलो गॅस करण्याची त्याची क्षमता. तुमची भाजीची देठं तिथे गेली तर त्यावर शहराच्या बसा धावतात. बागेसाठी खत हवं असेल तर जरूर करा, ते बागेचं काम. कॉलनीच्या कोपऱ्यावर माळी पालापाचोळा पेटवतो ते मात्र आजच बंद करा. तोच पाला बागेला आच्छादन म्हणून घाला.

गाड्यांचं काय, तर तिथे कॉलनीच्या हातात फार नाही. स्कूटर रोज वीस किलोमीटर चालली तर दिवसाला किलोभर, एवढा अंदाज पुरे. 22 सप्टेंबर 2023 ला नो कार डे झाला, महापौरांपासून सगळे दुचाकी-बसने फिरले, 23 तारखेला पलासियाला पुन्हा तोच जाम. 2013 पासून चालत आलेली बीआरटीएस, म्हणजे बसांची वेगळी मार्गिका, तीही काढायची ठरली. यावर माझं मत तिखट आहे, ते पोहे खाताना सांगेन. तुम्ही करू शकता असं एकच: एकाच शाळेत जाणाऱ्या मुलांची यादी करा. आमच्याकडे नऊ गाड्या एकाच फाटकावर जात होत्या, आता दोन व्हॅन जातात. यादी करायला एक संध्याकाळ लागली, आयांना एकमेकींवर विश्वास बसायला चार महिने.

गणपतीत जनरेटर लावत असाल तर वीज कंपनीची तात्पुरती जोडणी आधीच घ्या. लिटरभर डिझेल म्हणजे 2.7 किलो कार्बन, आणि आरतीच्या वेळी कानाशी धडधड. महाप्रसादाला थर्माकोलऐवजी शहरातल्या बर्तन बँकेची ताटं आणा. घासायचा प्रश्न येतोच, त्याची पाळी लावा आणि पाळीत पुरुषांची नावं आधी लिहा.

आता लोकांबद्दल, कारण खरी अडचण तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिली आहे. 2024 च्या डिसेंबरात निगमने चेतन सिंह सोलंकींच्या एनर्जी स्वराज संस्थेबरोबर 100 दिवसांचं इंदूर क्लायमेट मिशन काढलं, वीज वाचवण्याचे धडे घरोघरी नेले. वीज कशी मोजायची हे लाखभर घरांत पोचवायला अशा मोहिमाच लागतात. पण मोहीम संपल्यावर कोण, हा प्रश्न कॉलनीचाच असतो. सिरपूर तलाव आठवा. भालू मोंढे वर्षानुवर्षं त्या तलावासाठी धरून बसले. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2022 मध्ये सिरपूर रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. धरून बसणारा एक माणूस लागतो. तुमच्या पाच जणींत ती कोण, हे मला पत्रावरून कळलं नाही. ते आधी ठरवा, आणि जिला हिशेब आवडतो तिला ठरवा, जिला भाषण आवडतं तिला नको.

व्हॉट्सॲप ग्रुपवर काही मागू नका. तिथे अंगठे मिळतात. दारावर जा, दोघी-दोघी, संध्याकाळी सात ते आठ, हातात त्याच घराचं बिल. "काकू, तुमचं मेमधलं युनिट 172 आहे, बावीस कमी झाले तर सवलत परत मिळते," असं म्हटलं की काकू आत बोलावतात. प्रत्येक कॉलनीत एक काका असतात, निवृत्त, प्रत्येक गोष्टीला "हे होत नाही" म्हणणारे, सगळे नियम पाठ. लोक त्यांना टाळतात. मी त्यांच्याकडे सगळ्यात आधी जातो. त्यांना नेट मीटरची फाइल द्या. "बघू, हे लोक कसे देत नाहीत," असं म्हणून ते जी फाइल फिरवतात ती तुम्हाला जमणार नाही. आमच्या हॉलचं मीटर असंच लागलं.

कमिटीकडे जाताना भावना नेऊ नका, ठरावाचा मसुदा न्या. तारीख, विषय, "सामायिक पंपासाठी अमुक किलोवॉटचा प्रस्ताव मंजूर करण्यात येतो", खाली सूचक-अनुमोदकाची जागा मोकळी. लिहिलेला कागद पुढे आला की बैठकीत चर्चा त्या कागदावर होते, नाहीतर पार्किंगवर होते. गच्चीवर सगळ्यांचा हक्क असलेल्या इमारतीत तर प्रत्येक फ्लॅटची ना-हरकत लागेल. तिथे परगावी राहणारा एक मालक हमखास अडतो. त्याचा पुण्याचा किंवा बंगलोरचा पत्ता आजच मिळवून ठेवा.

पहिल्या वर्षी तीनच गोष्टी हातात घ्या: चाळीस पंखे, साठ टाक्या, एक हॉल किंवा पंप सोलरवर. चौथी कोणी सुचवली तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहा.

आणि सुरुवात टाक्यांपासून करा, पैसे सगळ्यात कमी लागतात. येत्या वेळी नर्मदा येईल त्या पहाटे पाचही जणींनी एकेका गल्लीतल्या उंच गच्चीवर जायचं. साडेपाचला अंधार असतो, टॉर्च ठेवा, कुत्र्यांसाठी हातात काठी. कोणत्या छतावर किती वाजता धार सुरू झाली, किती वाजता थांबली, घर क्रमांकासमोर एवढंच लिहा. सातला खाली या. त्या दिवशी कोणाला काही बोलू नका. तिसऱ्या दिवशी पुन्हा चढा, आणि मग प्लंबरला घेऊन ज्या घराची धार सगळ्यात लांब चालली त्याच दारावर पहिल्यांदा जा. ते घर बहुधा कमिटीच्या अध्यक्षांचंच निघेल, आमच्याकडे निघालं होतं.